श्रोत्यांचा कौल आणि कलाकृतीचे मूल्य : 'वीझर'च्या 'पिंकर्टन' या दुसऱ्या अल्बमच्या स्वीकाराची चिकित्सा

गोषवारा

'वीझर' या अमेरिकन रॉक बँडचा 'पिंकर्टन' (१९९६) हा दुसरा अल्बम प्रकाशनाच्या वर्षी श्रोत्यांनी नाकारला आणि अवघ्या सहा वर्षांनी त्याची गणना श्रेष्ठ अल्बमांत होऊ लागली. या मतांतराचे स्पष्टीकरण 'काळाने न्याय केला' अशा शब्दांत देण्याची प्रथा आहे. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांच्या आधारे पाहिले असता आरंभीचा नकार आणि नंतरचा गौरव ही एकाच विघ्नाची दोन रूपे ठरतात, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : श्रोता, स्वीकार, अपेक्षा-क्षितिज, रसविघ्न, साधारणीकरण, आत्मनिवेदन.

प्रस्तावना

अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने १९९६ या वर्षातील संगीताविषयी आपल्या वाचकांची मते मागविली. त्या वर्षातील सर्वांत वाईट अल्बमांमध्ये वाचकांनी 'पिंकर्टन'ला तिसरे स्थान दिले. २००२ मध्ये त्याच नियतकालिकाच्या वाचकांनी आजवरच्या श्रेष्ठ अल्बमांची निवड केली, तेव्हा 'पिंकर्टन' सोळाव्या स्थानावर होता. २००४ मध्ये नियतकालिकानेही आपले जुने परीक्षण मागे सारून या अल्बमला पूर्ण पाच तारे बहाल केले. मधल्या काळात अल्बममधील एकही स्वर बदललेला नव्हता. दहा गीते तीच होती आणि सुमारे ३५ मिनिटांचा अवधीही तोच होता. बदलला होता तो श्रोता.

एवढ्या अल्पावधीत एवढे टोकाचे मतांतर घडावे, ही घटना लोकप्रिय संगीताच्या इतिहासात दुर्मीळ आहे. साहित्य आणि अन्य कलांच्या अध्यापकांनाही ती विचार करावयास लावणारी आहे. कलाकृतीविषयीचे बहुमत हे तिच्या मूल्याचे प्रमाण मानावे काय? मानावयाचे झाल्यास कोणत्या वर्षीचे बहुमत मानावे? आणि बहुमताची दोन्ही रूपे चुकीची असण्याची शक्यता आपण विचारात घेतो काय? यांपैकी तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. म्हणून प्रस्तुत लेखात त्यावरच भर दिला आहे.

पहिल्या अल्बमने घडविलेली अपेक्षा

'वीझर'ची स्थापना १९९२ मध्ये लॉस एंजेलिस येथे झाली. बँडच्याच नावाने प्रसिद्ध झालेला आणि मुखपृष्ठाच्या रंगामुळे 'निळा अल्बम' या नावाने ओळखला जाणारा पहिला अल्बम मे १९९४ मध्ये आला. त्याचा निर्माता रिक ओकॅसेक हा 'द कार्स' या बँडचा गायक होता. त्याच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रण नेटके झाले. गिटारचे स्वर भरदार आणि आटोपशीर राहिले, सहगायन सुरेल झाले. 'बडी हॉली' या गीताची चित्रफीत स्पाइक जोन्झने दिग्दर्शित केली होती. एका जुन्या विनोदी दूरचित्रवाणी मालिकेच्या वातावरणात बँडला बसविणारी ही चित्रफीत अफाट गाजली. 'विंडोज ९५' या संगणकप्रणालीच्या तबकडीवरही तिचा समावेश झाला.

पहिला अल्बम केवळ हसतखेळत केलेला होता, असे मात्र नाही. 'से इट एन्ट सो' या गीतात घरातील मद्यपानाविषयीचे एका मुलाचे भय व्यक्त झाले आहे. परंतु हे दुःख विनोदाच्या आणि सुरेल धृपदांच्या आवरणात गुंडाळलेले होते. श्रोत्यांनी आवरणावर प्रेम केले. आतील वस्तूकडे लक्ष द्यावे अशी सक्ती त्यांच्यावर नव्हती.

हान्स रॉबर्ट याउस या जर्मन समीक्षकाने १९६७ मध्ये मांडलेली 'अपेक्षा-क्षितिज' ही संकल्पना येथे उपयोगी पडते. वाचक अथवा श्रोता कोऱ्या मनाने कलाकृतीसमोर येत नाही. पूर्वीच्या कृतींनी त्याच्या मनात एक क्षितिज आखून ठेवलेले असते आणि नवी कृती त्या क्षितिजावर पडताळली जाते. दुसऱ्या अल्बमची अडचण हीच असते. पहिल्या अल्बमच्या वेळी श्रोत्याकडे त्या बँडविषयी काहीच अपेक्षा नसते. दुसऱ्या अल्बमच्या वेळी मात्र पहिला अल्बमच मोजपट्टी होऊन बसतो.

१९९६ : नकाराची कारणे

पहिल्या अल्बमनंतर गीतकार-गायक रिव्हर्स क्वोमो याने 'साँग्ज फ्रॉम द ब्लॅक होल' या नावाच्या रॉक ऑपेराची योजना आखली होती. अंतराळप्रवासाच्या कथेतून आपले अनुभव मांडावेत, असा तिचा हेतू होता. ही योजना पुढे सोडून देण्यात आली. १९९५ मध्ये क्वोमोच्या एका पायाची लांबी वाढविण्यासाठी वेदनादायक शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी त्याने हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. प्रसिद्धीनंतर आलेला एकाकीपणा, शारीरिक वेदना आणि विद्यार्थिजीवन यांतून नवी गीते निर्माण झाली. 'पिंकर्टन' २४ सप्टेंबर १९९६ रोजी प्रसिद्ध झाला. या वेळी बाहेरचा निर्माता नव्हता. बँडने निर्मिती स्वतःच केली.

ध्वनीतील फरक पहिल्या गीतापासूनच जाणवतो. गिटारचे स्वर खरखरीत आहेत, ढोलांचा आघात अंगावर येतो, गायकाचा आवाज मधूनच फाटतो आणि तो फाटलेला आवाज तसाच ठेवलेला आहे. 'टायर्ड ऑफ सेक्स' या आरंभीच्या गीतात क्षणिक संबंधांना विटलेला आणि प्रेमासाठी आसुसलेला निवेदक भेटतो. 'अक्रॉस द सी' हे गीत जपानमधील एका तरुण चाहतीच्या पत्रावरून सुचलेले आहे. 'पिंक ट्रँगल'मधील निवेदक ज्या स्त्रीच्या प्रेमात पडतो, ती समलिंगी असल्याचे त्याला उशिरा उमगते. येथे विनोद आहे, परंतु तो निवेदकावरच उलटणारा आहे.

अल्बम 'बिलबोर्ड'च्या यादीत एकोणिसाव्या स्थानापर्यंतच पोहोचला. स्वतंत्रपणे प्रथम प्रसृत केलेल्या 'एल स्कॉर्चो' या गीताला 'बडी हॉली'सारखे यश लाभले नाही. परीक्षणे सरसकट प्रतिकूल नव्हती, परंतु गीतरचना पोरकट असल्याचा आक्षेप ठळकपणे घेतला गेला. नाकारणाऱ्या श्रोत्यांच्या तक्रारी दोन प्रकारच्या होत्या. पहिली तक्रार ध्वनीची होती : पूर्वीचा नेटकेपणा कोठे गेला? दुसरी आशयाची होती : एका तरुणाच्या खासगी कुचंबणा आम्ही का ऐकाव्यात? पहिली तक्रार सवयीतून आलेली आहे आणि सवय बदलली की ती आपोआप विरते. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. ती कलेतील आत्मनिवेदनाच्या मर्यादेविषयीची आहे आणि तिचे उत्तर केवळ काळ लोटल्याने मिळत नाही.

उत्तरकाळातील श्रोते : स्वीकाराची कारणे

दौरे संपल्यानंतर बँड जवळजवळ निष्क्रिय झाला. बास गिटारवादक मॅट शार्प १९९८ मध्ये बाहेर पडला. याच काळात अल्बमभोवती मात्र एक नवा श्रोतृवर्ग जमू लागला होता. तो प्रामुख्याने किशोरवयीन आणि महाविद्यालयीन होता. त्याला दूरचित्रवाणीने किंवा जाहिरातींनी बोलावलेले नव्हते. मित्राने मित्राला ऐकविलेली तबकडी, हातोहात फिरणाऱ्या प्रती आणि नव्याने पसरू लागलेले आंतरजाल यांच्यामार्फत तो अल्बमपर्यंत पोहोचला. २००० च्या उन्हाळ्यात बँड पुन्हा मंचावर आला, तेव्हा 'पिंकर्टन'मधील गीते मुखोद्गत असलेला समुदाय समोर उभा होता. ज्याला 'ईमो' म्हणतात त्या भावोत्कट रॉक प्रवाहातील अनेक तरुण बँडांनी या अल्बमचे ऋण मान्य केले. २००१ मध्ये अल्बमच्या अमेरिकेतील विक्रीला सुवर्ण आणि २०१६ मध्ये, म्हणजे प्रकाशनानंतर वीस वर्षांनी, प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळाले.

या श्रोत्यांना अल्बममध्ये काय सापडले? एका शब्दात सांगावयाचे तर प्रामाणिकपणा. जे १९९६ मध्ये पोरकट वाटले, तेच आता निर्भय वाटू लागले. फाटलेला आवाज हा दोष न राहता सच्चेपणाचा पुरावा झाला. 'हे माझेच गाणे आहे' अशी भावना या श्रोत्यांत प्रबळ होती. एकटेपणाचे जे अनुभव उघडपणे बोलण्याची सोय तरुण मुलांना नसते, ते येथे मोठ्या आवाजात गायलेले होते. या अनुभवाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

याउसच्या विवेचनानुसार कृती आणि अपेक्षा-क्षितिज यांतील अंतर जेवढे अधिक, तेवढे तिचे कलात्मक मूल्य मोठे असण्याची शक्यता असते. कालांतराने क्षितिज विस्तारते आणि कृती स्वीकारली जाते. 'पिंकर्टन'चा इतिहास या सूत्रात सहज बसतो. परंतु तो इतका सहज बसतो हीच शंकेची जागा आहे. नाकारलेली प्रत्येक कृती श्रेष्ठ नसते आणि नंतरच्या श्रोत्याचे क्षितिज विस्तारलेलेच असेल, असेही नाही. ते केवळ दुसरीकडे सरकलेले असू शकते.

परगत आणि स्वगत : एकाच विघ्नाची दोन रूपे

अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या मार्गातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी दुसरे विघ्न येथे महत्त्वाचे आहे. रंगमंचावरील भाव विशिष्ट देशकालात बांधलेला आणि केवळ स्वतःचा अथवा केवळ दुसऱ्याचा आहे, असे प्रेक्षकाला वाटू लागले की रसप्रतीती खंडित होते. भाव परगत वाटला तर प्रेक्षक तटस्थ राहतो. फार तर त्याला संकोच किंवा तिटकारा वाटतो. स्वगत वाटला तर तो स्वतःच्याच सुखदुःखात बुडतो आणि कलाकृती निमित्तमात्र उरते. भाव या दोन्ही बंधनांतून सुटून सर्वसामान्य होणे म्हणजेच भट्टनायकाने सांगितलेले साधारणीकरण.

या दृष्टीने 'पिंकर्टन'च्या दोन्ही श्रोतृवर्गांकडे पाहता विलक्षण साम्य आढळते. १९९६ च्या श्रोत्याने ही गीते 'त्याची' म्हणून ऐकली. दुसऱ्याची रोजनिशी चुकून उघडली जावी तसा त्याला संकोच वाटला. २००२ च्या श्रोत्याने तीच गीते 'माझी' म्हणून ऐकली. स्वतःचीच रोजनिशी कोणी वाचून दाखवावी तसा त्याला दिलासा मिळाला. एकाने नाकारले, दुसऱ्याने डोक्यावर घेतले. परंतु दोघांनीही रोजनिशीच वाचली. अल्बम ही रचलेली कृती आहे, तिच्यातील 'मी' हा योजलेला निवेदक आहे, याकडे दोन्ही वेळी दुर्लक्ष झाले. म्हणून दुसरा कौल हा पहिल्या चुकीची दुरुस्ती ठरत नाही. मतांचे चिन्ह ऋणाचे धन झाले, ऐकण्याची रीत मात्र तीच राहिली.

हे विघ्न दूर करण्यासाठी नाट्यात पूर्वरंग, वेषभूषा, विशिष्ट भाषा यांसारखी योजना असते, असे अभिनवगुप्त सांगतो. नटाचे खासगीपण त्यामुळे झाकले जाते. क्वोमोने सोडून दिलेला अंतराळविषयक रॉक ऑपेरा हा असाच एक वेष होता. तो उतरविल्यावर निवेदक उघडा पडला. तरीही अल्बमवर एक पातळ आवरण शिल्लक राहिले होते आणि त्याच्याकडे श्रोत्यांनी पुरेसे पाहिले नाही. ते आवरण म्हणजे अल्बमचे नाव.

शीर्षकाची साक्ष

पिंकर्टन हे पुचीनीच्या 'मादामा बटरफ्लाय' या ऑपेरातील अमेरिकन नौदल अधिकाऱ्याचे नाव आहे. तो नागासाकी येथे चो-चो-सान या तरुणीशी विवाह करतो, तिला सोडून जातो आणि परततो तो अमेरिकन पत्नीला घेऊन. चो-चो-सान आत्महत्या करते. अल्बमच्या मुखपृष्ठावर हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या तोकाइदो मार्गावरील चित्रमालिकेतील कांबारा येथील हिमरात्रीचे दृश्य आहे. शेवटच्या गीताचे नाव 'बटरफ्लाय' असून ते केवळ साध्या गिटारच्या साथीने गायले आहे. फुलपाखरू पकडणाऱ्या आणि त्याच्या मरणास कारण झालेल्या मुलाची प्रतिमा त्यात येते.

गीतकाराने स्वतःच्या निवेदकाला खलपुरुषाचे नाव दिले आहे, हे ध्यानात घेतले की दोन्ही श्रोतृवर्गांची मते अपुरी ठरतात. पोरकटपणाचा आक्षेप घेणाऱ्यांना हे दिसले नाही की निवेदकाचा अप्पलपोटेपणा हाच अल्बमचा विषय आहे. प्रामाणिकपणाचा गौरव करणाऱ्यांना हे दिसले नाही की ज्याच्याशी ते एकरूप होत आहेत, त्याच्यावर अल्बमनेच आरोपपत्र ठेवले आहे.

२०१० च्या दशकात आणखी एक आक्षेप बळावला. या गीतांतील स्त्रिया, विशेषतः जपानी तरुणी, निवेदकाच्या कल्पनाविलासाचे साधन म्हणून येतात, असे अनेक श्रोत्यांनी व समीक्षकांनी म्हटले. हा आक्षेप शीर्षकाकडे बोट दाखवून पूर्णपणे फेटाळता येत नाही. येथे पुचीनीशी तुलना उद्बोधक ठरते. ऑपेराचे नाव चो-चो-सानचे आहे आणि त्यातील संगीताचा फार मोठा वाटाही तिचाच आहे. दुसऱ्या अंकाच्या दीर्घ प्रतीक्षेत पिंकर्टन रंगमंचावर नसतोच. अल्बममध्ये हे प्रमाण उलटे झाले आहे. पिंकर्टन बोलत राहतो आणि बटरफ्लायला शब्द नाही. स्वतःला दोषी ठरविणाऱ्या निवेदनातही बोलण्याचा हक्क त्याने स्वतःकडेच ठेवला आहे. ही अल्बमची खरी मर्यादा होय. पहिल्या श्रोत्यांनी सांगितलेली मर्यादा ही नव्हती आणि नंतरच्या भक्तांना तर मर्यादाच मान्य नव्हती. तरीही ही मर्यादा ओळखण्याची सोय अल्बमनेच शीर्षकातून करून ठेवली आहे, हे त्याचे सामर्थ्य म्हणावे लागते.

श्रोत्यांच्या मताची किंमत

ज्या ऑपेरावरून अल्बमने नाव घेतले, त्याच्याही वाट्याला प्रथम नकारच आला होता. १७ फेब्रुवारी १९०४ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात 'मादामा बटरफ्लाय'चा पहिला प्रयोग प्रेक्षकांनी गोंधळ घालून उधळला. पुचीनीने तो ऑपेरा तत्काळ मागे घेतला, त्याची पुनर्रचना केली आणि २८ मे १९०४ रोजी ब्रेशा येथे तो यशस्वी झाला. या पुनर्रचनेत पिंकर्टनच्या तोंडी पश्चात्तापाचे एक गीत नव्याने घालण्यात आले. मिलानच्या प्रेक्षकांसमोर आलेल्या पिंकर्टनला ते नव्हते. क्वोमोचा अल्बम म्हणजे जणू या उत्तरकाळी जोडलेल्या पश्चात्तापाचाच विस्तार होय.

पुचीनीने श्रोत्यांचा नकार कृतीविषयीची टीका म्हणून घेतला आणि कृती सुधारली. क्वोमोला तसे करणे शक्य नव्हते. त्याची कृती आत्मनिवेदनाची असल्याने तिचा नकार त्याला स्वतःचाच नकार वाटला असल्यास नवल नाही. २००१ च्या सुमारास त्याने मुलाखतींतून या अल्बमविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली. मे २००१ मध्ये आलेला तिसरा अल्बम पुन्हा बँडच्याच नावाने, पुन्हा ओकॅसेकच्या निर्मितीत आणि अर्ध्या तासाहूनही कमी अवधीचा होता. त्यातील गीते घोटीव आणि सुरेल आहेत. परंतु व्यक्तिगत तपशील त्यांतून जवळजवळ हद्दपार झालेला आहे. हा अल्बम यादीत चौथ्या स्थानावर पोहोचला. 'पिंकर्टन'चे नवे चाहते मात्र त्यावर नाराज झाले.

यातील विसंगती खेदजनक आहे. एका श्रोतृवर्गाने कलावंताला बोलू नकोस म्हणून बजावले. तो गप्प झाल्यावर दुसऱ्या श्रोतृवर्गाने त्याला का बोलत नाहीस म्हणून दोष दिला. क्वोमोने पुढे आपले मत बदलले. २०१० मध्ये अल्बमची विस्तारित आवृत्ती निघाली आणि २०१०-११ च्या दौऱ्यात पहिले दोन्ही अल्बम संपूर्ण सादर झाले. पण दरम्यानच्या वर्षांत जे लिहिले गेले नाही, ते परत मिळण्यासारखे नव्हते. श्रोत्यांचे मत झालेल्या कृतीला इजा करू शकत नाही. ती टिकून राहते आणि पुढच्या श्रोत्याची वाट पाहते. इजा होते ती अद्याप न झालेल्या कृतीला. 'काळाने न्याय केला' या वाक्यात या हानीचा हिशेब धरलेला नसतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, 'पिंकर्टन'विषयीचा १९९६ चा नकार आणि २००२ चा गौरव हे परस्परविरोधी वाटले तरी दोहोंच्या मुळाशी आत्मनिवेदनाला रोजनिशी समजण्याची एकच चूक आहे. दोन, अपेक्षा-क्षितिजाची संकल्पना मतांतर कसे घडले हे सांगते. कोणते मत यथार्थ आहे हे सांगण्यासाठी मात्र कृतीकडेच परतावे लागते. तीन, रसविघ्नांसारख्या भारतीय काव्यशास्त्रातील संकल्पना आधुनिक लोकप्रिय संगीताच्या समीक्षेलाही उपकारक ठरू शकतात.

आपल्या वर्गांतून विद्यार्थी एखाद्या कवितेविषयी 'मला भावली नाही' किंवा 'माझीच वाटली' असे अभिप्राय देतात. यांपैकी दुसरा अभिप्राय ऐकून आपण सुखावतो आणि पहिला ऐकून खट्टू होतो. वस्तुतः दोन्ही अभिप्राय समीक्षेच्या उंबरठ्याबाहेरचे आहेत. कवितेतील 'मी' कोण आहे, कवीने त्याला कोणते नाव दिले आहे आणि त्याच्यासमोर कोणाला गप्प बसविले आहे, हे विद्यार्थ्याने विचारावयास प्रारंभ केला की तो उंबरठ्याच्या आत येतो. 'पिंकर्टन'च्या श्रोत्यांना हा प्रवास करण्यास वीस वर्षांच्या आसपास काळ लागला. आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो एका सत्राचा व्हावा, ही जबाबदारी अध्यापकाची आहे.